एसिल्फी मास्तरांची चिप रुसते

एसिल्फी मास्तरांनी पासवर्ड भिंतीवरून उतरवला, त्याला कारण झालं एक बदक.

बदक बेन्ट्सिल साहेबांचं. हे बेन्ट्सिल साहेब म्हणजे मास्तरांचे शेजारी. गोदीतल्या जकात खात्यातून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्या दिवसापासून समुद्रकाठच्या अख्ख्या अपाम गावाला फुकट सल्ला पुरवणारे. त्यांचं बदक हरवलं. आता बदक हरवलं की साधा माणूस काय करतो? कुंपणाखाली वाकून बघतो, गटारात बघतो, फारच संशयी असेल तर समोरच्यांच्या पातेल्यात डोकावतो. बेन्ट्सिल साहेब मास्तरांच्या पुढच्या खोलीत शिरले. मास्तर आंघोळीला गेले होते. कोपऱ्यात कोळी समितीने मास्तरांकडे सोपवलेला कॉम्प्युटर होता आणि त्याच्या डोक्यावर, भिंतीला, मास्तरांच्या वळणदार अक्षरातला पासवर्ड चिकटवलेला होता. इतका वळणदार, की तो न वाचणं म्हणजे मास्तरांचा अपमानच झाला असता.

हा कॉम्प्युटर रोज पहाटे चारला आपला आपण कामाला लागायचा. त्याच पासवर्डने राजधानीतल्या, म्हणजे अक्राच्या हवामान कार्यालयातून लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज उचलायचा आणि गावातल्या दोनशे बारा तांडेलांच्या फोनवर मेसेज धाडायचा. कोणी उठायला नको, कोणी बटण दाबायला नको. बेन्ट्सिल साहेबांनी पासवर्ड घालून मेसेजच्या जागी फक्त दोन ओळी टाकल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे दोनशे बारा फोन वाजले:

"तपकिरी बदक. डाव्या पायाने अधू. दिसल्यास कळवणे."

किनाऱ्यावर खल झाला. एका तांडेलाचं म्हणणं पडलं, की ही सरकारी भाषा आहे, डावा पाय अधू म्हणजे पश्चिमेचा वारा पडलाय. दुसरा म्हणाला, बदक म्हणजे वादळ, ते सरळ नाव घेत नाहीत, लोक घाबरतात. निम्म्या होड्या गेल्या, निम्म्या राहिल्या आणि एक तांडेल खरोखरच बदक घेऊन आला. तेही भलतंच, पांढरं!

सकाळी नाना ओतू मास्तरांच्या दारात उभे. नाना म्हणजे कोळ्यांचे पाटील. त्यांच्या शब्दावाचून अपामात होडी पाण्यात पडत नाही.

"मास्तर, हे यंत्र समुद्राचं आहे की बदकांचं?"

"नाना, चूक माझी नाही. पासवर्ड चोरीला गेला."

"चोरीला? भिंतीवरून?" नानांनी भिंतीकडे पाहिलं. "माझी बायको पैसे तांदळात लपवते, मास्तर. तुम्ही ते दाराला टांगता."

बेन्ट्सिल साहेब मागेच उभे होते. त्यांनी मान हलवली. "मी कधीपासून सांगतोय यांना, भिंतीवर लावू नका म्हणून."

नाना बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "हसायचं बाजूला ठेवा. ऑगस्ट आहे. मासळी वर आलीय, त्यामुळे कोणी घरी थांबायला तयार नाही. गेल्या ऑगस्टात क्वामेनाची होडी उलटली ती लाट कोणी सांगितली नव्हती म्हणून. चार माणसं पोहत आली, देवाची कृपा. या बुधवारी पाणी चढणार असं मला वाटतंय. माझे गुडघे सांगतात. पण गुडघ्याच्या भरवशावर मी दोनशे होड्या थांबवू शकत नाही. आकडा पाहिजे. बुधवारी पहाटे मेसेज आला पाहिजे, आणि तो समुद्राचाच पाहिजे."

"नाना, माझा शब्द आहे," मास्तर म्हणाले. "आता पासवर्ड अशा जागी ठेवतो की मलासुद्धा दिसणार नाही."

हे वाक्य बोलताना मास्तरांना स्वतःचा फार अभिमान वाटला. असा अभिमान वाटला की माणसाने ताबडतोब खाली बसून पाणी प्यावं, असं त्यांची बायको अराबा नेहमी म्हणते. मास्तर बसले नाहीत.

त्यांनी वाचलं होतं, की त्या कॉम्प्युटरच्या पोटात एक सुरक्षा चिप असते. नखाएवढी. तिच्याकडे पासवर्ड दिला की ती तो गिळते. मग पहाटे चारला कॉम्प्युटरने कामासाठी मागितला तर देते, पण माणसाने मागितला तर देत नाही. कॉम्प्युटर उघडून चिप उपटून नेली तरी ती तोंड उघडत नाही. मास्तरांनी असं इमान उभ्या शिक्षकी आयुष्यात एकाही मॉनिटरमध्ये पाहिलं नव्हतं. ते चिपच्या प्रेमातच पडले.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी तो लांबलचक पासवर्ड चिपच्या स्वाधीन केला आणि भिंतीवरचा कागद चुलीत घातला. सोमवार निवडण्यातही डोकं होतं. मंगळवारी अपामात कोणी समुद्रावर जात नाही. मंगळवार समुद्राचा, त्या दिवशी त्याला विश्रांती. म्हणजे मंगळवारी पहाटे मेसेज नाही, अख्खा दिवस तपासायला मोकळा. फक्त एक गोष्ट मास्तरांच्या डोक्यातून निसटली. मंगळवारी समुद्राला सुट्टी असते तशी कोळ्यांनाही असते. आणि सुट्टीवरचा कोळी जाळी विणतो असं बाहेरचे लोक समजतात. तो थोडा वेळच जाळी विणतो. उरलेला वेळ तो सल्ला देतो.

तर चिप. सूचनांमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: आपोआप चालणाऱ्या कामासाठी वेगळा आकडा लावू नये. पण मास्तर गणिताचे. कुलपाला कुलूप लावल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. त्यांनी चार अंकी आकडा लावला. कॉम्प्युटर बंद होऊन परत चालू झाला, की आधी तो आकडा द्यायचा, मग चिप पासवर्ड सोडणार. आकडा त्यांनी कुठेही लिहिला नाही. "लिहिणं," ते अराबाला म्हणाले, "हा माणसाचा पहिला गुन्हा."

"आणि विसरणं?" अराबा म्हणाली. ती केंकीसोबतचे, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या गोळ्यांसोबतचे मासे तळत होती आणि तिला झाऱ्यावरून नजर काढायला वेळ नव्हता.

मंगळवारी सकाळी आठला लाईट गेली. सव्वाआठला आली. कॉम्प्युटर परत सुरू झाला आणि त्याने आकडा विचारला.

मास्तरांनी बोटं मोडली, खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला. आणि बसून राहिले.

"काय झालं हो?" अराबा.

"काही नाही. ओठावर आहे."

बातमी किनाऱ्यावर कशी पोहोचली कोणाला ठाऊक, पण साडेआठला पुढच्या खोलीत अकरा कोळी, दारात सात आणि खिडकीत बेन्ट्सिल साहेब होते. मास्तरांनी आधी स्वतःचं जन्मसाल घातलं. चूक. मग शिक्षकी परवान्याचं साल. चूक. एक तांडेल म्हणाला, "मास्तर, सतरा-एकोणीस बघा, आम्हाला पाठ न झालेले पाढे, ते तुम्ही कधी विसरणार नाही." मास्तरांनी रागारागाने पण घातला. चूक. पोस्टाच्या पेटीचा नंबर. चूक.

"लग्नाचं साल!" खिडकीतून बेन्ट्सिल साहेब ओरडले. "शहाणा माणूस दुसरं काय ठेवणार?"

अराबा झारा घेऊन दाराशी आली. मास्तरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, गोड हसले, आणि टपटपटप चार अंक मारले.

"दोन हजार पाच?" अराबा म्हणाली.

"दोन हजार पाचच ना?"

"चार."

चिपनेही तेच म्हटलं, वेगळ्या शब्दांत. पाच वेळा आकडा चुकला, आता चिप बंद. कोळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी हसलं नाही, कारण अराबाच्या हातात अजून झारा होता. त्या दिवशी मास्तरांना दुपारी केंकी मिळाली, मासे मिळाले नाहीत.

मास्तरांनी जवळच्या स्वेड्रू शहरातल्या दुकानदाराला फोन लावला. कॉम्प्युटर त्याच्याकडूनच घेतलेला.

"मास्तर, ती रुसलीय," दुकानदार म्हणाला. "सहा तास वीज चालू ठेवा आणि तिला हात लावू नका. सहा तासांनी ती राग विसरते. मधे कोणी आकडा दिला, बंद केलं, चालू केलं, की सहा तास परत पहिल्यापासून."

"बरोबर आकडा दिला तरी?"

"रुसल्यावर ती बरोबर-चूक काही ऐकत नाही. तुमचं लग्न झालंय ना?"

मास्तरांनी फोन ठेवला. मग अक्राच्या कार्यालयाला लावला, की बाबांनो, जुना पासवर्ड जाऊ दे, नवा द्या. तिकडच्या बाईंचा आवाज फार गोड होता. त्या म्हणाल्या, नवा पासवर्ड हवा तर अर्ज पाहिजे, त्यावर कोळी समितीचा ठराव, ठरावावर शाळेचा शिक्का, शिक्क्यावर मुख्याध्यापकांची सही आणि त्यानंतर कामाचे तीन दिवस.

"बाई, लाटा बुधवारी आहेत."

"लाटांना आमच्याकडे अर्ज लागत नाही, सर."

तर राहिले सहा तास. अडीच वाजता चिप निवळणार. मास्तरांनी खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेर स्टूल टाकून बसले. कोळी समोरच्या बदामाच्या झाडाखाली बसले. सगळं ठीक चाललं होतं. साडेअकराला मास्तर दोन मिनिटं मागच्या अंगणात गेले. दोन मिनिटं! माणसाला एवढीही मोकळीक नसावी?

परत आले तर बेन्ट्सिल साहेब हात झटकत खोलीतून बाहेर येत होते.

"काय केलंत?"

"काही नाही. प्लग काढला, दहा मोजले, परत लावला. गोदीत आमची क्रेन अशीच चालू व्हायची."

मास्तरांच्या तोंडून जे शब्द बाहेर पडले ते त्यांनी शाळेत पोरांच्या वहीत सापडले असते तर पालकांना बोलावलं असतं. झाडाखालचे कोळी कौतुकाने उठून उभे राहिले. त्यांना मास्तरांना हे शब्द येतात हे माहीतच नव्हतं.

अडीचचे साडेपाच झाले.

आता नाना ओतू स्वतः आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दुकानदाराचे सहा तास, बेन्ट्सिल साहेबांचे दहा आकडे, सगळं. मग त्यांनी काठी जमिनीवर आपटली आणि उंबरठ्यात उभं राहून जाहीर केलं, की आजचा मंगळवार समुद्राचा, तसाच या यंत्राचाही. साडेपाचपर्यंत कोणी हात लावायचा नाही. लावेल त्याला समुद्रावर गेल्याचाच दंड: एक मेंढी आणि दोन बाटल्या दारू.

"मंजूर?"

"मंजूर!" झाडाखालून आवाज आला. सगळ्यात मोठा आवाज मास्तरांचा.

आणि खरंच, कोणी हात लावला नाही. बेन्ट्सिल साहेबसुद्धा कुंपणापलीकडे राहून, तिथूनच, सल्ले देत होते. समुद्रावरून वारा यायला लागला होता, खारट आणि जड. नाना गुडघा चोळत बसले होते. एक-दोन तांडेल उठून किनाऱ्यावर जाऊन आले आणि परत बसले. मंगळवारची गंमत हळूहळू उतरली. उद्या पहाटे दोनशे होड्या निघायच्या होत्या, जाळी तयार होती, बर्फ सांगून ठेवलेला होता, आणि कोणीच कोणाला सांगू शकत नव्हतं की थांब.

पाच वाजता अराबाने परत मासे तळायला घेतले आणि गुणगुणायला लागली. अराबा चर्चच्या गायनात पहिल्या रांगेत असते. रविवारी म्हटलेलं भजनच होतं ते. मास्तर स्टुलावर ताठ झाले. रविवार! चर्चमधला भजनांचे नंबर लावायचा फळा! पहिलं भजन बहात्तर, दुसरं एकोणीस. सोमवारी आकडा निवडताना त्यांच्या डोळ्यांसमोर तोच फळा होता. सात-दोन-एक-नऊ!

आता थांबायचं होतं फक्त पंचवीस मिनिटं. जगातली कोणतीही गाय, कोणतंही झाड, कोणतीही तीन वर्षांची मुलगी पंचवीस मिनिटं थांबू शकते. पण मास्तरांची अडचण वेगळी होती. आकडा डोक्यात आला होता आणि लिहायचा नव्हता. लिहिणं हा पहिला गुन्हा, हे त्यांनीच म्हटलेलं. सात-दोन-एक-नऊ, सात-दोन-एक-नऊ. पाच मिनिटांनी त्यांना वाटलं, सात-एक-दोन-नऊ तर नव्हता? मग वाटलं, भजन बहात्तर की सत्तावीस? जाऊन अराबाला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, पण दोन हजार पाचनंतर अराबाला कोणताही आकडा विचारायची त्यांची हिंमत नव्हती.

शिवाय साडेपाचला सगळा गाव खोलीत येणार. सगळ्यांसमोर परत चुकलं तर? त्यापेक्षा आत्ता, गुपचूप, एकदाच.

मास्तरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, दार हळूच लोटलं आणि आत शिरून चार अंक मारले.

आकडा अगदी बरोबर होता. चिपने ढुंकूनही पाहिलं नाही. पडद्यावर अक्षरं आली: सहा तास.

"पकडला!" कुंपणावरून बेन्ट्सिल साहेबांचा आवाज असा घुमला की गोदीतल्या सगळ्या वर्षांचं सार्थक झालं. "नाना! चोर सापडला! स्टुलावरचाच निघाला!"

नानांनी मास्तरांकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त दमल्यासारखे दिसले.

"मेंढी आणि दोन बाटल्या," ते म्हणाले. "आणि रात्रभर हाच खेळ नको, आता उद्या ऊन पडेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही. विशेषतः तुम्ही नाही."

"नाना, मग पहाटे चारचा मेसेज?"

"तो तुमचा शब्द होता, मास्तर. माझा नव्हे."

मास्तर स्टुलावर बसले. टाय सैल झाला होता, चष्मा धुरकट झाला होता, आणि मेंढ्या यावर्षी फार महाग आहेत हा विचार पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यात दुसऱ्या नंबरवर होता. त्यांना क्वामेनाची होडी आठवत होती. क्वामेना त्यांचाच विद्यार्थी, मागच्या बाकावरचा. मास्तरांनी परत अक्राला फोन लावला. का लावला, त्यांनाही सांगता आलं नसतं. त्याच बाई होत्या.

"सर, पासवर्डचं मी सकाळीच सांगितलं. अर्ज लागेल."

"नको पासवर्ड. बाई, माझी चूक झाली. उद्या आमच्या होड्या जातील आणि मला त्यांना काही सांगता येणार नाही. अपामसमोर पाणी कसं असेल, एवढंच मला..."

"अंदाज हवाय का?"

"हो."

"मग तो सांगते ना. लिहून घेताय?"

मास्तरांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "अर्ज?"

"अर्ज कशाला? पासवर्ड यंत्रांना लागतो सर, त्यांना विचारायची पद्धत नसते. माणसांना आम्ही तसंच सांगतो. घ्या: पहाटेपासून दुपारपर्यंत लाटा आठ फूट, नैऋत्येचा वारा, लहान होड्यांनी जाऊ नये. दुपारनंतर उतरेल."

मास्तरांनी लिहून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना लिहिण्यात काही गुन्हा वाटला नाही. कागद त्यांनी नानांपुढे धरला. नानांनी वाचला, गुडघ्यावर थाप मारली आणि दवंडीची लोखंडी घंटा मागवली. दवंडीवाल्याने हात पुढे केला, तर नानांनी घंटा मास्तरांच्या हातात ठेवली.

"मेसेजचा शब्द दिला होता ना? पोचवा."

असे निघाले एसिल्फी मास्तर, टाय बांधलेले, एका हातात घंटा, दुसऱ्या हातात कागद, मावळत्या उन्हात किनाऱ्यावरून. मागे अर्धा गाव, आणि सगळ्यांच्या पुढे, कोणी बोलावलेलं नसताना, बेन्ट्सिल साहेब. पहिली दवंडी इतकी बारीक निघाली की शेजारच्या शेळीनेही मान वळवली नाही.

"मोठ्याने, मास्तर!" कोणीतरी ओरडलं. "आम्हाला ऐकू येत नाही! मागच्या बाकावर!"

आणि तिथे मास्तरांना आवाज सापडला. तीस वर्षांचा, फळ्यावर डस्टर आपटणारा आवाज.

"लक्ष द्या! उद्या लाटा आठ फूट! किती?"

"आठ!" तांडेल ओरडले. त्यातले निम्मे त्यांचे विद्यार्थी होते, उत्तर तोंडातून आपोआप गेलं.

"कधीपर्यंत?"

"दुपारपर्यंत!"

"लहान होड्यांनी काय करायचं? क्वामेना, तू सांग!"

होडीच्या काठावर बसलेला क्वामेना उभा राहिला. शाळेत एकाही प्रश्नाचं उत्तर न दिलेला क्वामेना. "घरी बसायचं, सर."

"शाब्बास. बस खाली."

दोन मैल किनारा मास्तर असेच गेले. ज्याला कळलं नाही त्याने विचारलं, मास्तरांनी परत सांगितलं. एका म्हाताऱ्याने वारा कुठून, असं चारदा विचारलं, चारदा सांगितलं.

बुधवारी पहाटे पाणी खरंच चढलं. लाटा वाळूवरून वर आल्या, जाळी वाळवायचे खांब उपटून घेऊन गेल्या, आणि दोनशे बारा होड्या माडांखाली ओळीने उभ्या होत्या. त्या पाण्यात एकही होडी नव्हती. तांडेल हात बांधून बघत होते.

ऊन पडल्यावर मास्तरांनी सात-दोन-एक-नऊ दिला. चिप पहिल्या फटक्यात उघडली, जणू काही झालंच नव्हतं. गुरुवारी पहाटे चारला मेसेज गेला, समुद्राचा, अगदी बिनचूक.

गुरुवारी संध्याकाळी मास्तर वह्या तपासत बसले होते, तर नाना ओतू दारात.

"मास्तर, चला. लोक थांबलेत."

"कशाला? उद्याचा मेसेज जाईल ना पहाटे, आपोआप!"

"जाईल. चांगलं आहे यंत्र, चालू द्या. पण त्याला 'काय म्हणालात?' असं विचारता येत नाही." नानांनी घंटा पुढे केली.

मास्तर चिडले. आपली पदवी काय, आपली नोकरी काय, त्या चिपमागे घालवलेले तीन दिवस काय, सगळं त्यांनी नानांना ऐकवलं. नाना ऐकत राहिले. आतून अराबा म्हणाली, "अहो, टाय सरळ करा आणि जा."

म्हणून आता सोमवार सोडून (मंगळवारी समुद्राला सुट्टी) रोज संध्याकाळी, कोणी बटण न दाबता, अपामच्या किनाऱ्यावर एसिल्फी मास्तर सुरू होतात. दोन मैल जातात, दोन मैल येतात. होड्यांच्या सावलीतून कोणीतरी ओरडतंच, "मास्तर, परत सांगा!" मास्तर कपाळाला आठ्या घालून थांबतात, आणि परत सांगतात.